मिठाची जागा घेणारा क्षार

अकोला आणि अमरावती जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणी खारट लागते, हे वऱ्हाडातील शिक्षकांना सांगायला नको. एप्रिल १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा समुद्रापासून दूर असलेल्या वऱ्हाडाने दहीहांड्याच्या खाऱ्या विहिरींचे पाणी आटवून मीठ केले. खारट ते मीठ, असे आपण सहज धरून चालतो. लिथियमच्या इतिहासात मात्र हीच समजूत काहींच्या जिवावर बेतली.

लिथियम हे मूलद्रव्य १८१७ मध्ये स्वीडनच्या आर्फवेडसन यांनी शोधले. आवर्तसारणीत ते सोडियमच्याच गणात, त्याच्या लगेच वर बसते. १८५९ मध्ये इंग्लंडच्या आल्फ्रेड गॅरड यांनी गाउट या सांधेदुखीवर लिथियमचे क्षार सुचवले. मग ‘लिथियमयुक्त’ पाणी आरोग्यदायी म्हणून खपू लागले. १९२९ मध्ये अमेरिकेत निघालेल्या आणि पुढे ‘सेव्हन-अप’ नावाने गाजलेल्या पेयातही सुरुवातीला लिथियम सायट्रेट असे.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मीठ वर्ज्य असलेल्या हृदयरोग्यांसाठी लिथियम क्लोराइड बाजारात आले. त्याची चव मिठासारखीच होती. १९४९ मध्ये विषबाधा आणि मृत्यू घडल्यावर ते मागे घ्यावे लागले. असे का झाले? शरीरात सोडियम कमी पडले की मूत्रपिंड ते धरून ठेवते आणि त्याबरोबर लिथियमही अडवते. म्हणजे ज्यांनी मीठ सोडले होते, त्यांच्याच रक्तात लिथियम साठत गेले.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी उन्मादाच्या रुग्णांना लिथियमचा गुण येतो असे प्रसिद्ध केले. आज उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणाऱ्या विकारावर ते मान्यताप्राप्त औषध आहे. रक्तात त्याचे प्रमाण लिटरला साधारण ०.६ ते १ मिलिमोल ठेवतात, १.५ च्या पुढे विषबाधेचा धोका असतो. अंतर इतके थोडे, म्हणून वरचेवर रक्त तपासावे लागते.

काही देशांत लिथियम ओरोटेट ‘पूरक आहार’ म्हणून विकले जाते. नाव बदलले तरी आयन तोच. शिवाय लिथियमच्या अभावाने माणसाला होणारा रोग अजून कोणी सिद्ध केलेला नाही.

वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. घामावाटे पाणी आणि सोडियम जाते, आणि लिथियम साठू शकते. म्हणून हे औषध घेणाऱ्यांनी पाणी कमी पडू देऊ नये. मीठ किंवा गोळी मनाने बंद करू नये. उलट्या-जुलाब, हातांचा जास्त कंप, तोल जाणे दिसताच डॉक्टरांकडे जावे. क्षारांचा धडा शिकवताना एवढे वर्गात अवश्य सांगावे, असे आम्हाला वाटते.