बदलीवर आलेली फुलं

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा निघाला आणि नव्या जिल्ह्याला जुने कारकून लागतात म्हणून माझी बदली झाली. आम्ही मूळचे देवरुखचे. सौभाग्यवतींनी सामानाबरोबर अबोली, मोगरा आणि पुण्याहून मुद्दाम मागवलेली सहा गुलाबाची कलमं घेतली. "वर्षभरात बघा बाग," असं त्यांनी घरमालकीण आजींना बजावलं. आजींनी कलमांकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

पुढच्या मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला. नळाला एक दिवसाआड पाणी. आम्ही आपल्या आंघोळीत काटकसर करून गुलाबांना घातली, ओल्या पोत्यांची सावली केली. जून उजाडेपर्यंत सहाही कलमं सेवानिवृत्त झाली. आणि पलीकडे आजींच्या अंगणात, भांडी विसळलेल्या पाण्यावर, सदाफुली, बोगनवेल आणि ऑफिस टाइम अशी फुललेली, की उन्हाळा जणू त्यांच्याच अर्जावरून मंजूर झालाय!

मत्सर माणसाला वाचनालयापर्यंत नेतो. 'इथल्या मातीतली फुलं, त्यांना काय होतंय' अशी माझी समजूत. पुस्तकं उघडली, तर यातलं एकही खानदेशचं नाही. खानदेशचं सोडा, हिंदुस्थानचंही नाही! सगळी आमच्यासारखीच बदलीवर आलेली. ऑफिस टाइम दक्षिण अमेरिकेचं. जाड पानांत पाण्याची शिल्लक ठेवतं, दहाच्या सुमाराला हजर होतं आणि ढग आले की रजा. (आमच्या कचेरीत याहून जास्त अपेक्षा नव्हती.) बोगनवेल ब्राझीलची, १७६७ साली तिथं थांबलेल्या एका फ्रेंच कप्तानाचं नाव तिला चिकटलं.

आणि दसऱ्याचा आपला झेंडू? मेक्सिकोचा! रोपवाटिकेत एका जातीला फ्रेंच म्हणतात, दुसरीला आफ्रिकन; दोन्ही मेक्सिकोकडच्याच. सर्व्हिस बुकात जन्मगाव चुकलं की आयुष्यभर चुकतं, ते असं. तिकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलेल्या माणसांना घरची वाट सापडावी म्हणून याच्याच पाकळ्या पसरतात. युरोपियनांच्या गलबतांतून तो जगभर गेला. सुरत-बऱ्हाणपूर हा जुना व्यापारी रस्ता नंदुरबारवरून जाई. १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो याच वाटेनं मोगल दरबाराकडे गेला. झेंडूचं बीही याच वाटेनं आलं असावं, असं मला आपलं वाटतं. पुरावा मागू नका.

आजींना हे सगळं मोठ्या ऐटीत सांगितलं. त्या तोरण ओवीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "व्हई तठला, पन आते आमनाच शे."

सदाफुलीवर मात्र माझा राग होता. हिला वास नाही, हिला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. तिच्या जागी पुन्हा गुलाब लावू, असं मी दोनदा सुचवलं. आजींनी दोनदा चहा दिला.

त्यानंतरच्या वर्षी आजींचा सहा वर्षांचा नातू तापानं पडला. ताप उतरेना. मुंबईला नेलं, तेव्हा रक्ताचा कर्करोग निघाला. सलाइनमधून जी औषधं दिली त्यात एक होतं व्हिंक्रिस्टिन. डॉक्टर म्हणाले, हे सदाफुलीतून निघतं. मी परत वाचनालयात गेलो. सदाफुली मादागास्करची. १९५०च्या दशकात कॅनडात नोबल आणि बिअर हे संशोधक तिच्या पानांत मधुमेहावरचं औषध शोधत होते. साखर काही उतरली नाही. पण प्रयोगातल्या उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र भराभर घटल्या. त्यांना तिथं व्हिनब्लास्टिन सापडलं, पाठोपाठ अमेरिकेत व्हिंक्रिस्टिन. (पानं चावायला जाऊ नका, ती विषारी आहेत. शेळीला हे आधीपासून ठाऊक होतं.)

पोरगा टक्कल घेऊन परतला आणि अंगणात पुन्हा गोट्या खेळू लागला. तेव्हापासून आजी पहाटे उठून घरातलं पहिलं तांब्याभर पाणी सदाफुलीला घालतात. नळ आला नसला तरी. जास्त पाण्यानं हिची मुळं कुजतात, हे त्यांना सांगायची माझी अजून छाती झालेली नाही.