परळने पालटलेली रूपे

“आमचा माणूस मुंबईला असतो, परळला.” कोकणात आणि घाटावर हे वाक्य एके काळी घरोघर ऐकू येई. रत्नागिरीकडचा माणूस आगबोटीने भाऊच्या धक्क्याला उतरे, सातारा-कोल्हापूरकडचा रेल्वेने दादरला, आणि दोघेही वळकटी खांद्यावर टाकून परळ-लालबागची वाट धरीत. तुमच्या गावातली जुनी कौलारू घरे पहा. त्यांतली कितीतरी परळहून आलेल्या मनिऑर्डरींवर उभी राहिली आहेत.

आज तोच माणूस लोअर परळ स्टेशनाबाहेर उभा राहिला तर त्याला वाट विचारावी लागेल. जिथे गिरणीचा दरवाजा होता तिथे काचेचे मनोरे आहेत. जिथे सुताची गोदामे होती तिथे परदेशी कपड्यांची दुकाने नि उपाहारगृहे आहेत. शनिवारी रात्री शहरातली हौशी, पैसेवाली तरुण मंडळी मौजेसाठी इथे येतात. जागा विकणारे दलाल तर या भागाला ‘अप्पर वरळी’ म्हणू लागले आहेत. परळ म्हटले की गिऱ्हाइकाला गिरणीचा वास येतो की काय, कोण जाणे!

पण मौज अशी की, परळ बड्या लोकांची आवडती वस्ती होण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. ही दुसरी खेप आहे. पहिली खेप समजल्याशिवाय दुसरीचा अर्थ नीट लागत नाही, म्हणून थोडे मागे जाऊ.

मुंबई मुळात सात बेटांची, आणि परळ त्यांतल्याच एका बेटावरचे गाव. ते किती जुने? १९३१ साली इथे रस्त्याचे काम चालू असताना जमिनीतून शिवाची एक प्रचंड शिल्पशिळा निघाली. एका मूर्तीतून दुसरी, दुसरीतून तिसरी अशी वर चढत जाणारी ती रचना जाणकार पाचव्या-सहाव्या शतकातली मानतात. बारादेवीच्या देवळात ती ठेवलेली आहे. म्हणजे इंग्रज आले तेव्हा परळ ही काही ओसाड जागा नव्हती.

पोर्तुगीजांच्या काळात इथे ख्रिस्ती धर्मगुरूंचा मठ होता. इंग्रजांनी तो ताब्यात घेतला आणि पुढे त्याचाच गव्हर्नरचा बंगला झाला. कोटातली दाटी, उकाडा नि रोगराई यांना कंटाळलेला साहेब परळच्या मोकळ्या हवेत राहायला येई. गव्हर्नर आला की मागोमाग कौन्सिलातले लोक आले, व्यापारी आले, बंगले आणि बागा झाल्या, बग्ग्यांची वर्दळ सुरू झाली. १८०४ च्या नोव्हेंबरात सर जेम्स मॅकिंटॉश यांनी ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही विद्वानांची सभा स्थापली, ती याच परळच्या बंगल्यात. टाऊन हॉलातली आजची एशियाटिक सोसायटी ती हीच. १८७५ साली इंग्लंडचा युवराज मुंबईला आला, तोही इथेच उतरला. तेव्हा परळला राहणे म्हणजे प्रतिष्ठेची परमावधी!

मग हे सगळे मोडले कशाने? कापसाने.

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी सूतगिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांनी ताडदेवला तिचे चाक फिरू लागले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या दिवसांत, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि मुंबईच्या शेटजींच्या हाती पैसा खेळू लागला. पुढच्या काळात गिरण्या भराभर निघाल्या. गिरणीला मोठी जागा लागते, पाणी लागते, रेल्वे जवळ लागते. कोटात जागा नव्हती. परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी इकडे होती. रेल्वेचे कारखानेही परळलाच आले. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत ऐंशीच्या आसपास गिरण्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींची धुराडी याच पट्ट्यात धूर ओकीत होती.

धूर आला तसा साहेब उठला. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी परळच्या बंगल्यातच पटकीने वारली आणि त्या घराचे दिवस भरले. गव्हर्नर समुद्रकाठी मलबार पॉइंटला गेले. १८९६ साली प्लेग आला. लोक मुंबई सोडून गावोगाव पांगले, गिरण्या ओस पडल्या. त्या धामधुमीत प्लेगची लस तयार करणारे डॉक्टर हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली गव्हर्नरच्या रिकाम्या बंगल्यात थाटली गेली. जिथे नाच नि मेजवान्या चालत तिथे लशीच्या बाटल्या भरल्या जाऊ लागल्या. शिक्षकांनी सहल नेली तर मुलांना हे अवश्य सांगावे: हाफकिन संस्थेची ती जुनी इमारत म्हणजे आधी मठ, मग राजवाडा, मग प्रयोगशाळा. एकाच छपराखाली तीनशे वर्षांचा इतिहास आहे.

साहेबाच्या जागी आला तो तुमचा-आमचा माणूस. आणि तो कसा राहिला, हे जरा सविस्तर सांगितले पाहिजे.

गिरणीत नोकरी लागायची ती जॉबरच्या ओळखीने. जॉबर आपल्या गावचा, निदान आपल्या मुलखातला. आधी ‘बदली’ म्हणून लागायचे: रोज सकाळी दारात उभे राहायचे, कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत. राहायचे कुठे? चाळीतल्या एका खोलीत गावकऱ्यांचे मंडळ असे. दहा बाय बाराची खोली आणि तिच्यात वीस-वीस, तीस-तीस माणसे! हे शक्य झाले ते पाळ्यांमुळे. दिवसपाळीचा उठला की त्याच जागेवर रात्रपाळीचा अंग टाकी. प्रत्येकाची भिंतीला एक खुंटी आणि कोपऱ्यात एक ट्रंक. तेवढीच त्याची मुंबई. मंडळाची वर्गणी असे, हिशेबाची वही असे. तिच्यातून गावच्या देवळाला पत्रे जात, शाळेला बाके जात, कुणी वारला तर त्याच्या घरी पैसे जात. कितीतरी गावांची ग्रामपंचायत गावात बसे, पण पैशाची पेटी परळला असे.

जेवणाची सोय खानावळीची. ती चालवणाऱ्या बहुतेक बायका कामगारांच्याच घरातल्या, पुष्कळदा विधवा किंवा नवऱ्याची नोकरी गेलेल्या. भल्या पहाटे चूल पेटवून त्या पंधरा-वीस माणसांचे डबे करीत आणि सावकाराच्या व्याजाखाली पिचत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेच्या कर्जाची वाट दाखवली. गिरणीत तर बायका होत्याच. १९२०-३० च्या सुमारास दर चार-पाच कामगारांत एक बाई होती. पुढे यंत्रे आणि पद्धती बदलल्या तसतशी त्यांनाच आधी घरी बसवण्यात आले. गिरणगावचा इतिहास सांगताना आपण ‘कामगार’ म्हणतो आणि डोळ्यांपुढे पुरुष आणतो, ते बरोबर नाही.

या दाटीतून एक नवीन समाज घडला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. १९०८ साली लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा याच लोकांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. १९२८ साली सहा महिन्यांचा संप झाला. लालबागचा गणपती १९३४ सालचा. वाटेगावहून आलेले अण्णा भाऊ साठे इथल्याच गिरणीत राबले, आणि अमर शेख, गव्हाणकर यांच्यासह त्यांच्या कलापथकाचा डफ इथल्या मैदानांत घुमला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हा भाग केवढ्या जिद्दीने उतरला ते निराळे सांगायला नको. म्हणजे मराठी माणसाने मुंबईवर हक्क सांगितला तो या चाळींच्या जोरावर.

आता दुसऱ्या खेपेकडे वळू. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि १९४६ च्या कायद्याने एकाच संघटनेला दिलेला मान्यतेचा मक्ता मोडणे, या त्यांच्या मागण्या. हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. लाखाच्या वर लोकांची नोकरी गेली. पुष्कळजण गावी परतले, आणि ज्या शेतीला मुंबईचा टेकू होता ती शेती एकदम उघडी पडली. तुमच्यापैकी काहींना ते दिवस आठवत असतील.

संपाने गिरण्या बुडाल्या असे सर्रास म्हटले जाते. मला ते अर्धेच खरे वाटते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथले यंत्रमाग स्वस्त कापड काढीत होते. पुष्कळ मालकांनी कित्येक वर्षे नवी यंत्रे घेतली नव्हती. आणि मुख्य म्हणजे गिरणीच्या छपराखालची जमीन गिरणीपेक्षा महाग झाली होती. ज्या धंद्यात माल विणण्यापेक्षा जागा विकणे किफायतीचे, त्या धंद्यात मालकाचे मन रमायचे कसे?

ही जमीन थोडीथोडकी नव्हे, सुमारे सहाशे एकर. १९९१ साली सरकारने नियम केला: गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. ऐकायला किती न्याय्य! पण २००१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची ठरली. इमारतींखालची जमीन हिशेबातून वगळली. शिक्षकांनी हे गणित फळ्यावर घालून पहावे. समजा, गिरणी तीस एकरांची आणि तिचे सत्तावीस एकर छपराखाली. जुन्या नियमाने शहराला दहा आणि कामगारांच्या घरांसह म्हाडाला दहा एकर आले असते. नव्या नियमाने दोघांना मिळून दोन. एका शब्दाच्या अर्थाने अठरा एकर इकडचे तिकडे! उच्च न्यायालयाने २००५ साली ही दुरुस्ती मालकांच्या सोयीने वाचायला नकार दिला, पण २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा नियम उचलून धरला. मनोऱ्यांचा पाया खरा तिथे पडला.

कामगारांच्या घरांसाठी सुमारे दीड लाख अर्ज आले. २०१२ साली पहिली मोठी सोडत निघाली. पुढे काहींच्या वाट्याला घरे आली ती परळपासून दूर, पनवेलजवळच्या कोन गावी.

आणि परळ? फिनिक्स गिरणीचा मॉल झाला. तिचे धुराडे तेवढे शोभेला ठेवले आहे. रस्ते मात्र गिरणीच्या वेळचे राहिले, स्टेशनांचे पूलही तेच. पूर्वी भोंग्याच्या वेळेला पायी चालणारी गर्दी होती. आता रेल्वेने येणारे हजारो कारकून नि अधिकारी त्याच जिन्यावर. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन तेवीस माणसे मेली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातल्या उपाहारगृहांना आग लागून चौदाजण गेले. वस्तीचा वरचा पोशाख बदलला, खालची हाडे तीच ठेवली, त्याची ही किंमत. एल्फिन्स्टन रोडचे नाव २०१८ साली प्रभादेवी झाले.

तरीही परळमधून गावचा माणूस अगदीच हद्दपार झाला असे नाही. १९२६ साली सुरू झालेले केईएम रुग्णालय तिथे आहे. त्याबरोबरच्या वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापक हिंदी माणसेच असावीत, अशी देणगीदारांनी अट घातली होती. शेजारी वाडियांची रुग्णालये आणि १९४१ पासून टाटा रुग्णालय. यांची जमीन गिरणीची नव्हती, म्हणून ती विकली गेली नाही. तुमच्या गावातून आज कुणी परळला जातो तो बहुधा हातात केसपेपर घेऊन. टाटात उपचार चाललेल्यांचे नातेवाईक दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत उतरतात, आणि सकाळी रांगेत नंबर लावायला त्याच जुन्या रस्त्याने, मनोऱ्यांच्या सावलीतून, चालत जातात.