माहितीचा प्रवास : समकालिक आणि असमकालिक

जळगाव आणि धुळे ही खानदेशातील शहरे सुरत-नागपूर महामार्गाने जोडलेली आहेत. माहितीही या शहरांदरम्यान अहोरात्र ये-जा करीत असते. ती ० आणि १ या बिटांच्या रूपात. एक बिट कोठे संपला व दुसरा कोठे सुरू झाला हे घेणाऱ्या यंत्राला अचूक कळले नाही, तर बँकेतील रकमेचा आकडाही बदलू शकतो. हा ताळमेळ राखण्याच्या दोन पद्धती आहेत.

पहिली असमकालिक, म्हणजेच असिंक्रोनस. तिच्यात प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे पाठविले जाते. अक्षराच्या ८ बिटांपूर्वी एक आरंभ बिट आणि नंतर एक अंत्य बिट सामान्यतः जोडतात. आरंभ बिट मिळताच घेणारे यंत्र नव्याने मोजणी सुरू करते. त्यामुळे दोन्ही यंत्रांच्या घड्याळांतील किरकोळ तफावत खपून जाते. तारघरांतील टेलिप्रिंटर याच तत्त्वावर चालत. देशातील तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली, पद्धत मात्र टिकून आहे. सराफाचा इलेक्ट्रॉनिक काटा सिरियल केबलमधून संगणकाला वजन कळवितो, ते बहुधा असेच. मात्र ८ बिटांसाठी १० बिट खर्ची पडतात. सेकंदाला ९,६०० बिटांच्या वाहिनीतून ९६० अक्षरेच जातात.

दुसरी समकालिक, अर्थात सिंक्रोनस. रावेर-सावद्याची केळी रेल्वेने उत्तरेकडे जातात, तेव्हा प्रत्येक घडाला वेगळी बिल्टी लागत नाही. तसेच येथे शेकडो अक्षरांची एकच चौकट तयार होते. घेणारे यंत्र संकेताच्या चढउतारांवरून आपले घड्याळ जुळवून घेते. एचडीएलसी या प्रणालीत चौकटीच्या दोन्ही टोकांना ०१११११०१ नव्हे, तर ०११११११० ही खूण असते. मजकुरात ती चुकून उमटू नये म्हणून सलग पाच १ आल्यावर पाठविणारा एक ० घालतो व घेणारा तो काढून टाकतो. दूरध्वनी केंद्रांना जोडणारी ई-वन वाहिनीही समकालिकच. तिच्यात प्रत्येकी ६४ किलोबिटांचे ३२ कप्पे, म्हणजे सेकंदाला २,०४८ किलोबिट.

समकालिक पद्धतीत वेग व बचत आहे. परंतु घड्याळ चुकले तर संपूर्ण चौकट पुन्हा पाठवावी लागते. असमकालिक पद्धतीत नुकसान बहुधा एखाद्या अक्षरापुरतेच राहते. म्हणून थोडी, अधूनमधून येणारी माहिती असेल तर पहिली आणि अखंड, मोठा ओघ असेल तर दुसरी पद्धत श्रेयस्कर ठरते.