हौशी रेडिओ : बिलोली आणि नांदेड–लातूर परिसर

हौशी रेडिओ (हॅम रेडिओ). परवाना घेऊन, कोणताही मोबदला न घेता, नेमून दिलेल्या लहरींवर इतर परवानाधारकांशी थेट संपर्क साधण्याची सेवा. यंत्र स्वतः जुळवणे हाही तिचाच भाग. भारतात १९२०च्या दशकापासून हौशी केंद्रे आहेत. १९४२च्या आंदोलनात उषा मेहतांच्या काँग्रेस रेडिओचे प्रक्षेपक उभारणारे नरिमन प्रिंटर हे मुंबईचे हॅमच. देशव्यापी संघटना १५ मे १९४८ रोजी महू येथे स्थापन झाली. ती आज ‘अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया’ म्हणून ओळखली जाते.

मराठवाड्यात मात्र हा विषय किल्लारीपासूनच सांगावा लागतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी येथे भूकंप झाला आणि लातूर–उस्मानाबाद भागात सुमारे दहा हजार माणसे दगड-मातीच्या घरांखाली दगावली. त्यानंतर हॅम चालक भूकंपक्षेत्रात मदतीला गेले. अशा वेळी केंद्रावरून जाणारा मजकूर अगदी थोडका असतो : गावाचे नाव, जखमी किती, कोणते औषध हवे, कोणता रस्ता चालू आहे. ऐकणारा तो लिहून घेतो, वाचून दाखवतो आणि चूक नाही याची खात्री झाल्यावरच पुढे पाठवतो. ही शिस्त ऐनवेळी येत नाही. रोजच्या रोलकॉलला, म्हणजे ‘नेट’ला, हजेरी लावूनच ती अंगवळणी पडते.

बिलोली हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण मांजरा खोऱ्यात, तेलंगणाच्या सीमेलगत आहे. येथून किल्लारी सरळ रेषेत सुमारे १४० किलोमीटर, तर हैदराबाद सुमारे १७५ किलोमीटर. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालणारा हातातला संच येथे अपुरा पडतो, कारण त्याची लहर जवळजवळ नजरेच्या टप्प्यातच पोहोचते आणि मध्ये टेकडी आली की अडते. उंचावर रिपीटर (संदेश झेलून पुन्हा प्रक्षेपित करणारे केंद्र) असेल तरच तो टप्पा वाढतो. या अंतरांना खरा उपयोगी ४० मीटर बँड (७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ). त्याची लहर जवळजवळ सरळ वर सोडली की दिवसा ती आयनांबरावरून परावर्तित होऊन सभोवतालच्या दोन-तीनशे किलोमीटरांत उतरते. मधल्या डोंगराचा तिला अडथळा होत नाही.

त्यासाठी उंच मनोरा लागत नाही. तांब्याच्या तारेचे साधारण दहा-दहा मीटरचे दोन तुकडे मध्ये इन्सुलेटर बसवून समोरासमोर ताणायचे आणि तेथून कोॲक्स केबल संचापर्यंत आणायची. हा झाला डायपोल अँटेना. तो पाच-सहा मीटर उंचीवर, दोन लिंबांच्या मध्ये बांधला तरी चालतो. जवळच्या संपर्कासाठी ही कमी उंचीच सोयीची, कारण तिच्यामुळे लहर वर जाते. रात्री आयनांबर विरळ झाले की जवळची केंद्रे ४० मीटरवर ऐकू येईनाशी होतात. तेव्हा ८० मीटर बँडवर जावे लागते आणि तार दुप्पट लांब लागते. वीज गेली तरी १२ व्होल्टच्या बॅटरीवर केंद्र चालते.

यंत्रांच्या बाबतीत या भागाला सर्वांत जवळची आणि मोलाची घडामोड हैदराबादची. अशर फरहान यांनी ‘बिटएक्स’ या संचाची रचना खुली केली. बाजारात सहज मिळणारे ट्रान्झिस्टर वापरून सहा वॅटच्या आसपास शक्तीचा आवाजी संच त्यातून तयार होतो. मूळ रचनेत गुंडाळ्यांसाठी आयात केलेल्या फेराइट कड्यांऐवजी नळाचे वॉशर वापरले होते. तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्यालाही सोल्डरिंग गन हाती घेऊन सुरुवात करता येते, हे या संचाने दाखवून दिले. पुढे २०१७ मध्ये अनेक बँडांचा ‘मायक्रो-बिटएक्स’ आला. स्वस्त चिनी हातसंच आता सर्रास मिळतात, पण परवान्याशिवाय त्यांवरून हौशी बँडमध्ये बोलणे बेकायदेशीर आहे.

परीक्षा केंद्रीय दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा घेते व परवानाही तीच देते. किमान वय १२ वर्षे. ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीत मोर्स येण्याची अट नाही व शक्तीची मर्यादा ५० वॅट आहे. ‘जनरल’ श्रेणीसाठी मोर्स लागते. हैदराबादची ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ’ (स्थापना १९८३) ही या परिसराला जवळची प्रशिक्षण संस्था. क्लबांच्या उपक्रमांत लपवलेला प्रक्षेपक शोधण्याची ‘फॉक्स हंट’ स्पर्धा, उघड्या माळावरचा ‘फील्ड डे’ आणि ऑक्टोबरात स्काउट मुलांना माइकवर बोलू देणारी ‘जांबोरी ऑन द एअर’ येते. यांपैकी शाळांनी आधी हाती घ्यावी ती फॉक्स हंट : मुलांना त्यासाठी परवाना लागत नाही, रिसीव्हर आणि दिशादर्शक अँटेना पुरतो.