केशराची कसोटी

केशराने उदास मनाला उभारी येते, ही समजूत इराणात फार जुनी आहे. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी इब्न सीना या थोर हकिमाने आपल्या 'कानून' या वैद्यकग्रंथात केशराचा हा गुण नमूद केला होता. तथापि एखादी गोष्ट पुष्कळ काळ सांगितली गेली, एवढ्यानेच ती सिद्ध होत नाही.

ही समजूत कसोटीस लावण्याचे काम तेहरानमध्ये शाहीन अखुंदजादे व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्यांनी सौम्य व मध्यम विषादाचे ३० रुग्ण घेतले. काहींना रोज केशराचा ३० मिलिग्रॅम अर्क दिला, तर इतरांना १०० मिलिग्रॅम इमिप्रामीन. विषादावरील इमिप्रामीनचा गुण रोलंड कून या स्विस वैद्याने १९५७ साली जगापुढे मांडला होता. कोणाला काय मिळते आहे, हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही नव्हते. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत सारखाच उतार दिसला. मात्र तोंडाची कोरड व गुंगी इमिप्रामीन घेणाऱ्यांत अधिक होती. हा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला.

परंतु विषाद कधीकधी आपोआपही ओसरतो, आणि उपचार चालू आहेत या नुसत्या भावनेनेही रुग्णास धीर येतो. मग हा गुण केशराचा कशावरून? म्हणून पुढच्या चाचणीत ४० रुग्णांपैकी काहींना केशराची, तर काहींना औषध नसलेली कॅप्सूल देण्यात आली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीतही केशराचेच पारडे जड ठरले.

केशरातील कोणते द्रव्य हे कार्य करते, हा प्रश्न उरलाच होता. केशराच्या शेतीसाठी विख्यात असलेल्या खुरासानातील मशहद शहरी, केशराला रंग देणारे क्रोसीन हे द्रव्य वेगळे करून ४० रुग्णांवर अजमावण्यात आले. नेहमीच्या औषधाला रोज ३० मिलिग्रॅम क्रोसीनची जोड मिळालेल्यांना चार आठवड्यांत अधिक आराम पडल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले.

असे असले तरी तीस-चाळीस रुग्ण आणि चार-सहा आठवडे ही लहान मापे आहेत. विषाद वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा उद्भवणारा व प्रसंगी जिवावर बेतणारा रोग आहे. केशराच्या भरवशावर चालू औषध सोडणे म्हणजे धोका पत्करणे होय. इब्न सीनाच्या वचनाला या संशोधकांनी केवळ मान तुकवली नाही, ते पारखून घेतले. ती पारख अद्याप पुरी झालेली नाही.