क्थुलू ते नॉर्मन बेट्स: अमेरिकी भयकथेतील राक्षसाचे वंशवृत्त

शिकागो येथे १९२३ साली सुरू झालेले 'वीअर्ड टेल्स' हे मासिक लगद्याच्या स्वस्त, खरबरीत कागदावर छापले जात असे, आणि त्या लगद्यावरूनच अशा मासिकांना अमेरिकेत 'पल्प' हे नाव पडले होते. तरीही भयकथेतील राक्षस कोण असावा, या प्रश्नाची दोन परस्परविरुद्ध उत्तरे देणारे लेखक याच मासिकाने वाढवले.

पहिले उत्तर प्रॉव्हिडन्सचे एच. पी. लव्हक्राफ्ट यांचे होते. फेब्रुवारी १९२८च्या अंकातील 'द कॉल ऑफ क्थुलू' या त्यांच्या कथेतील क्थुलू मानवजातीच्या कितीतरी आधी ताऱ्यांवरून पृथ्वीवर आलेला असून पॅसिफिकच्या तळाशी निद्रिस्त आहे. ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला निदान क्रूसापुढे माघार घेतो. क्थुलूच्या लेखी मात्र माणसाचे पापपुण्य, त्याची प्रार्थना आणि त्याचे असणेही शून्य असते, आणि या जाणिवेतून उपजणाऱ्या भीतीला 'विश्वभय' म्हणता येईल. नारायण धारपांच्या कथांतील अमानुष शक्तींशी परिचय असलेल्या मराठी वाचकाला हे जग अनोळखी वाटू नये.

दुसरे उत्तर लव्हक्राफ्ट यांच्याच शिष्याने दिले. मिलवॉकीत राहणाऱ्या रॉबर्ट ब्लॉक या शाळकरी मुलाने १९३३ साली त्यांना पत्र लिहिले आणि त्यातून जो पत्रव्यवहार सुरू झाला तो १९३७ साली लव्हक्राफ्ट यांच्या मृत्यूपर्यंत टिकला; ब्लॉक यांनी एका कथेत गुरूसारखे पात्र मारले, तेव्हा गुरूनेही 'द हाँटर ऑफ द डार्क'मध्ये रॉबर्ट ब्लेक नावाच्या पात्राला मृत्यू देऊन त्याची परतफेड केली. पुढे १९४३ साली ब्लॉक यांनी लंडनचा खुनी जॅक द रिपर कथेत आणला. हा खुनी माणूसच आहे, परंतु काळ्या शक्तींना नरबळी देऊन तो चिरतरुण राहिला आहे. माणूस आणि अमानुष यांच्या सीमेवरची ही कथा ब्लॉक यांच्या पुढील वाटचालीच्या दृष्टीने फार मोलाची आहे.

नोव्हेंबर १९५७मध्ये विस्कॉन्सिनमधील प्लेनफील्ड येथे एड गीन या शेतकऱ्याला अटक झाली, तेव्हा ब्लॉक त्याच परिसरातील एका छोट्या गावात राहत होते. शेजारधर्म पाळणारा, गावाला परिचित असलेला माणूस खुनी आणि प्रेते उकरणारा निघाला, एवढ्याच बीजावर त्यांनी १९५९ची 'सायको' ही कादंबरी रचली, आणि म्हणूनच केवळ गीन प्रकरणाकडे बोट दाखवून तिची उपपत्ती सांगणे अपुरे ठरते. मोटेलमालक नॉर्मन बेट्सच्या खोलीतील पुस्तकांत मार्गारेट मरे यांचा पश्चिम युरोपातील चेटूकपंथावरील ग्रंथ आहे, आणि नेमका याच ग्रंथाचा उल्लेख 'द कॉल ऑफ क्थुलू'मध्येही येतो. शिष्याने गुरूचा राक्षस काढून टाकला. पण वाचकापासून सत्य शेवटपर्यंत दडवून ठेवण्याची रीत आणि माणसाच्या मनावर त्याचाच ताबा नसल्याची शंका, या दोन्ही गोष्टी त्याने जपल्या.

आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९६०च्या चित्रपटात मात्र पुस्तकांची ही नावे गळाली, कादंबरीतील चाळिशीचा स्थूल नॉर्मन तरुण आणि देखणा झाला, आणि त्याचे लव्हक्राफ्टशी असलेले नाते दिसेनासे झाले. ज्यांनी केवळ चित्रपट पाहिला आहे त्यांनी मूळ कादंबरी, आणि तिच्याही आधी १९४३ची ती रिपरकथा, अवश्य वाचावी.