अल-नूर मस्जिदीनंतरचा बंदूक कायदा : न्यूझीलंडने काय बदललं आणि काय अजून अर्धवट आहे

१५ मार्च २०१९, शुक्रवार. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरातल्या अल-नूर मस्जिदीत लोक जुम्यासाठी जमले होते. दुपारी १ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास एक माणूस बंदुका घेऊन आत शिरला. तिथून तो गाडीने लिनवूड इस्लामिक सेंटरला गेला. दोन्ही ठिकाणी मिळून ५१ जण शहीद झाले, त्यातले ४४ अल-नूरमधले. सर्वांत लहान मूल ३ वर्षांचं होतं. मृतांमध्ये पाकिस्तान, बांगलादेश, सोमालिया, पॅलेस्टाईन अशा कितीतरी ठिकाणांहून तिथे जाऊन स्थायिक झालेले लोक होते. हैदराबाद, गुजरात आणि केरळमधून गेलेले आपले भारतीयही होते. बांगलादेशच्या क्रिकेट संघाची बस त्याच वेळी मस्जिदीजवळ पोहोचली होती. ते काही मिनिटांनी वाचले.

आपल्याकडे या घटनेची आठवण राहिली ती पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांच्यामुळे. डोक्यावर ओढणी घेऊन त्या शहीदांच्या घरच्यांना भेटल्या, संसदेत ‘अस्सलामु अलैकुम’ म्हणून बोलायला उभ्या राहिल्या. पुढच्या जुम्याला तिथल्या रेडिओ-टीव्हीवरून देशभर अजान ऐकू आली. हे सगळं मनाला भिडणारं होतंच. पण मुलं परदेशात शिकायला, नोकरीला पाठवणाऱ्या घरांनी या प्रकरणातली दुसरी बाजूही माहीत करून घ्यायला हवी. ती बाजू आहे दुकानाच्या काउंटरची. हल्लेखोराने बंदुका चोरल्या नव्हत्या. त्याने त्या पोलिसांनी दिलेला परवाना दाखवून रीतसर विकत घेतल्या होत्या.

(त्या माणसाचं नाव आम्ही इथे दिलेलं नाही. आर्डर्न यांनीही ते उच्चारायला नकार दिला होता. त्याला हवी होती ती प्रसिद्धीच.)

परवाना मिळाला कसा?

न्यायमूर्ती विल्यम यंग आणि माजी राजदूत जॅकी केन यांच्या रॉयल कमिशनने या सगळ्याची चौकशी केली. सुमारे ८०० पानांचा अहवाल डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाला, त्यात ४४ शिफारशी आहेत. परवान्याबद्दलचा भाग वाचताना चीड येते, कारण त्यात कसलंही मोठं कारस्थान नाही. आहे ती फक्त कामातली ढिलाई.

हल्लेखोर मूळचा ऑस्ट्रेलियाचा. ऑगस्ट २०१७ मध्ये तो न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात राहायला आला, लगेच पुढच्या महिन्यात परवान्यासाठी अर्ज केला आणि नोव्हेंबरमध्ये परवाना त्याच्या हातात होता. न्यूझीलंडमध्ये अर्जदाराला ओळखणाऱ्या दोन माणसांना पोलीस भेटतात. त्यातला एक जवळचा नातेवाईक असावा, अशी अपेक्षा असते. माणूस घरात कसा वागतो, त्याची चिडचिड, त्याचं बोलणं हे घरच्यांनाच माहीत असतं, म्हणून ही अट. हल्लेखोराने बहिणीचं नाव दिलं होतं, पण ती ऑस्ट्रेलियात. तिला प्रत्यक्ष भेटता येत नाही म्हणून पोलिसांनी दुसरं नाव मागितलं. मग त्याने एका मित्राचं नाव पुढे केलं. या मित्राशी त्याची ओळख मुख्यतः ऑनलाइन गेमिंगमधली. दुसरा संदर्भ कुणाचा, तर त्याच मित्राच्या पालकाचा.

आपल्याकडे मुलीचं स्थळ बघतानासुद्धा याहून जास्त चौकशी होते.

जुलै २०१८ मध्ये आणखी एक घटना घडली. बंदूक हाताळताना गोळी सुटली आणि तो जखमी झाला. दवाखान्यात उपचार झाले, तो घरी गेला. अशी जखम पोलिसांना कळवण्याचं बंधन डॉक्टरांवर नव्हतं, त्यामुळे कुणी कळवलं नाही. असं बंधन असावं, ही कमिशनची एक शिफारस.

सात गोळ्यांची पळवाट

दुसरी ढिलाई कायद्यातच होती. १९९० मध्ये अरामोआना नावाच्या छोट्याशा गावात एका माणसाने १३ जणांना मारलं होतं. त्यानंतर १९९२ मध्ये कायदा बदलला आणि लष्करी धर्तीच्या सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांसाठी वेगळा, कडक परवाना आला. पण ‘लष्करी धर्तीची’ बंदूक म्हणायचं कशाला? ठरलं ते साधारण असं, की सेमी-ऑटोमॅटिक रायफलला सातपेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन लावलेलं असेल तर ती कडक वर्गात, नाहीतर साध्या परवान्यावर चालेल. गंमत अशी की मोठं मॅगझिन सुटं विकत घ्यायला परवानाच लागत नव्हता. म्हणजे रायफल साध्या परवान्यावर घ्यायची, मॅगझिन वेगळं मागवायचं आणि घरी बसून जोडायचं. त्याने नेमकं हेच केलं.

ही पळवाट कुणाला दिसली नव्हती असं नाही. १९९७ मध्ये निवृत्त न्यायाधीश थॉमस थॉर्प यांनी सरकारला अहवाल दिला होता. अशा बंदुकांवर बंदी आणा आणि प्रत्येक बंदुकीची नोंद ठेवा, असं त्यात सांगितलं होतं. न्यूझीलंडने १९८० च्या दशकात बहुतेक बंदुकांची नोंदणी बंद करून फक्त माणसाला परवाना द्यायची पद्धत घेतली होती. परवाना १० वर्षांचा. त्या माणसाने घरात एक बंदूक ठेवली की तीस, हे सरकारच्या वहीत कुठेच नाही. शिकारी आणि शेतकऱ्यांच्या संघटना नाराज होतील म्हणून थॉर्प यांचा अहवाल बाजूला पडला. त्यानंतर २२ वर्षांनी क्राइस्टचर्च घडलं.

सव्वीस दिवसांत कायदा

हल्ल्याच्या सहाव्या दिवशी, २१ मार्चला, बंदी जाहीर झाली. १० एप्रिलला संसदेत मतदान झालं : बाजूने ११९, विरोधात १. हल्ल्यापासून मोजले तर २६ दिवस. बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक बंदुका आणि मोठी मॅगझिन्स बेकायदा ठरली. कमी ताकदीच्या .२२ रायफली आणि काही शॉटगन यांना सूट मिळाली, कारण तिथल्या शेतकऱ्याला ससे आणि इतर उपद्रवी जनावरं आवरायला त्या लागतात.

लोकांकडे आधीच असलेल्या बंदुकांचं काय? त्या सरकारने विकत घेतल्या. जुलै ते डिसेंबर २०१९ या काळात ठिकठिकाणी जमा करण्याची केंद्रं लागली. बंदुकीची अवस्था बघून मूळ किमतीच्या २५ ते ९५ टक्के रक्कम दिली गेली. ५६ हजारांहून जास्त बंदुका जमा झाल्या. पण पूर्वीच्या बंदुकांची नोंदच नसल्याने एकूण किती होत्या आणि किती लपून राहिल्या, हे खात्रीने सांगता येत नाही. नोंद न ठेवण्याची किंमत अशी नंतर मोजावी लागते.

२०२० मध्ये आणखी एक कायदा आला. पहिला परवाना १० ऐवजी ५ वर्षांचा झाला, अर्जदाराच्या डॉक्टरांना कळवण्याची तरतूद झाली आणि प्रत्येक बंदुकीची नोंदणी करायचं ठरलं. ही नोंदणी प्रत्यक्षात जून २०२३ मध्ये सुरू झाली.

‘बंदूक ही आमची संस्कृती आहे’

बंदुकीच्या चर्चेत हे वाक्य जगभर ऐकू येतं. त्यात तथ्य नाही असं म्हणता येणार नाही, पण प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा आहे. येमेनमध्ये दर १०० माणसांमागे ५० हून जास्त बंदुका असल्याचा अंदाज आहे. लग्नात, जिरग्यासारख्या कबिल्यांच्या बैठकीत खांद्यावर बंदूक ही तिथे मर्दानगीची खूण. स्वित्झर्लंडमध्ये लष्करी सेवा केलेला माणूस रायफल घरी ठेवू शकतो. २००१ मध्ये झुग शहराच्या प्रांतिक विधानसभेत एकाने १४ जणांना मारलं, तरी स्विस लोकांनी २०११ च्या जनमतात कडक नियम नाकारले. २०१९ मध्ये मात्र सुमारे ६४ टक्के मतदारांनी युरोपीय धर्तीचे कडक नियम स्वीकारले. म्हणजे परंपरा तीच, मत बदललं.

जपानमध्ये परवाना हवा असेल तर लेखी परीक्षा, नेमबाजीची परीक्षा, डॉक्टरांचा दाखला आणि पोलिसांची कसून चौकशी, एवढं सगळं पार पाडावं लागतं. २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली तीही घरी बनवलेल्या बंदुकीने.

आणि अमेरिका. तिथे माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. २००८ च्या हेलर खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक ठेवणं हा नागरिकाचा घटनात्मक हक्क मानला. न्यूझीलंडमध्ये नेमकं उलट आहे, ‘स्वसंरक्षण’ हे परवान्यासाठी कारणच चालत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये सॅंडी हूक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. त्यानंतर खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासण्याचं विधेयक सिनेटमध्ये आलं, ५४ मतंही मिळाली. पण पुढे जायला ६० लागतात, म्हणून ते पडलं. तिथल्या बहुसंख्य सिनेटरांना बदल हवा होता, नियमाने तो अडवला. याला ‘अमेरिकन संस्कृती’ म्हणणं म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणं.

ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये पोर्ट आर्थरच्या ३५ बळींनंतर १२ दिवसांत नवे नियम ठरवले आणि साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका परत घेतल्या. त्या देशाचं उदाहरण वर्षानुवर्षं दिलं गेलं. तरीही १४ डिसेंबर २०२५ ला सिडनीच्या बॉन्डाय बीचवर ज्यूंच्या हनुक्का सणाच्या कार्यक्रमात बाप-लेकाने गोळीबार करून १५ जणांना मारलं. बापाकडे परवाना होता, नावावर सहा बंदुका होत्या. हल्लेखोर आयसिसच्या विचारांनी भारलेले होते, असं पोलिसांनी सांगितलं. एका हल्लेखोराच्या हातातली बंदूक हिसकावून घेणारा अहमद अल-अहमद हाही मुस्लिमच, सीरियातून आलेला दुकानदार. क्राइस्टचर्चबद्दल आपण जे प्रश्न विचारतो (परवाना कुणाला दिला, बंदुका किती दिल्या) तेच बॉन्डायबद्दल तितक्याच जोराने विचारायला हवेत. मारणारा कोण आणि मरणारा कोण हे बघून प्रश्न बदलायला नकोत.

नजर कुणावर होती

कायद्याने बंदूक अडते, द्वेष अडत नाही. न्यूझीलंडमधल्या इस्लामिक विमेन्स कौन्सिलच्या अंजुम रहमान आणि त्यांच्या सहकारी हल्ल्याआधी काही वर्षं सरकारी अधिकाऱ्यांना सांगत होत्या, की हिजाब घालणाऱ्या बायकांना त्रास वाढतोय, मस्जिदींना धोका आहे. बैठका झाल्या, फारसं काही हललं नाही. गुप्तचर यंत्रणांचं लक्ष प्रमाणाबाहेर इस्लामी दहशतवादावरच एकवटलं होतं, असं रॉयल कमिशनने स्पष्ट म्हटलं. त्याच वेळी, लक्ष योग्य ठिकाणी असतं तरी हा एकटा माणूस सापडलाच असता असं म्हणता येत नाही, हेही नोंदवलं. दोन्ही वाक्यं एकत्र वाचायला हवीत. पहिलं तेवढं व्हॉट्सअॅपवर फिरतं.

आत शिरलेल्या हल्लेखोरावर निःशस्त्र धावून जाणारे नईम रशीद शहीद झाले. लिनवूडमध्ये अब्दुल अझीझ यांनी हाताला लागलेलं कार्ड मशीन फेकून मारलं आणि हल्लेखोराला पळवून लावलं. दोघांनाही ‘न्यूझीलंड क्रॉस’ हा तिथला सर्वोच्च नागरी शौर्य सन्मान मिळाला. हल्लेखोराला ऑगस्ट २०२० मध्ये पॅरोलशिवाय जन्मठेप झाली. त्या देशात अशी शिक्षा पहिल्यांदाच दिली गेली.

आपल्याकडचा प्रश्न वेगळा

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार माणूस आणि बंदूक दोन्हींची नोंद असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात, आणि लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडणं हा वेगळा गुन्हा झाला आहे. म्हणून आपल्याकडे दुकानातून आणलेल्या रायफलीने सामूहिक हत्याकांड होत नाहीत. पण ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई एक्सप्रेसमध्ये पालघरच्या पुढे काय झालं ते आपण विसरलेलो नाही. रेल्वे सुरक्षा दलाच्या एका कॉन्स्टेबलने आधी आपल्या वरिष्ठाला आणि मग वेगवेगळ्या डब्यांतल्या तीन मुस्लिम प्रवाशांना गोळ्या घातल्या. ती बंदूक त्याला ड्युटीवर सरकारनेच दिलेली होती. हत्यार हातात देताना माणसाची मनःस्थिती कोण तपासतं, हा ड्युनेडिनमधला प्रश्न इथे वर्दीतल्या माणसाबद्दल विचारावा लागतो.

सध्या काय चाललंय

२०२३ च्या अखेरीस न्यूझीलंडमध्ये सत्ता बदलली. बंदूक कायद्याचं काम अॅक्ट पक्षाच्या निकोल मॅकी यांच्याकडे आलं. संसदेत येण्याआधी त्या परवानाधारक बंदूक मालकांच्या संघटनेच्या प्रवक्त्या होत्या. २०१९ ला विरोधात पडलेलं ते एकमेव मतही याच पक्षाच्या नेत्याचं, डेव्हिड सेमूर यांचं. शूटिंग क्लबांवरचे नियम सैल करायचं ठरलं, नोंदणी ठेवायची की नाही याचा फेरआढावा घेतला गेला. शहीदांच्या नातेवाइकांनी आणि मुस्लिम संघटनांनी याला उघड विरोध केला. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने नोंदणी कायम ठेवायचं ठरवलं. अॅक्ट पक्षाने त्या निर्णयाशी आपली सहमती नसल्याचं सरकारमध्ये राहूनच जाहीर केलं.